एक कोरडी बाल्कनी

आपल्याकडे घर पाहायला आलेल्या पाहुण्यांना घरभर हिंडवून आणायची पद्धत आहे. देवळातल्या प्रदक्षिणेसारखा तिचाही मार्ग ठरलेला असतो. "हा हॉल. ही मुलांची खोली. हे देवघर, छोटंसंच केलंय. आणि हे किचन." पाहुणेही प्रत्येक ठिकाणी थांबून "वा! उजेड छान आहे हं," असं म्हणतात आणि पुढं सरकतात. स्वयंपाकघराच्या मागं एक अरुंद दार असतं. तिथपर्यंत आलं की यजमानीणबाईंच्या आवाजाला एकदम घाई होते. "आणि ही आपली ड्राय बाल्कनी," एवढं पुटपुटून त्या ते दार चटकन ओढून घेतात. आतून एखादं जनावर बाहेर उडी मारेल अशी भीती असावी तसं.

पुण्यातल्या बिल्डर लोकांनी मराठी संसाराला जे शब्द बहाल केले आहेत, त्यांत 'ड्राय बाल्कनी'इतका विनोदी शब्द दुसरा नसेल. घरात जेवढं म्हणून ओलं आहे तेवढं सगळं तिथं असतं. भिजत घातलेलं धुणं, निथळणारे पिळे, ओलं फरशीपुसणं, खरकट्याची बादली आणि कुठूनतरी अखंड ठिबकणारा नळ. पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर तिथली एकही वस्तू वाळत नाही. तरी नाव कोरडी बाल्कनी. आंधळ्याचं नाव नयनसुख असतं ना, त्यातलाच प्रकार.

आमच्या घरीही अशी एक कोरडी बाल्कनी आहे. लांबी 7 फूट, रुंदी साडेतीन फूट. बावीस वर्षांत मी तिथं एकूण किती वेळ उभा राहिलो असेन याचा हिशेब केला, तर तो तासांतच करावा लागेल, दिवसांत नाही. तिकडं जायचं कारणच काय? मळका शर्ट मी दाराच्या अलीकडच्या टोपलीत टाकत असे आणि दोन दिवसांनी तो कपाटात घडी होऊन परत येत असे. मधे काय घडतं हा प्रश्न मला पडला नाही. पुनर्जन्मावर माझा विश्वास नाही, पण शर्टाच्या बाबतीत मी तो निमूटपणे मानत आलो.

या बाल्कनीशी माझा संबंध आला तो खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांमुळं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर एक ओला डाग उमटला. आधी तो श्रीलंकेएवढा होता, मग ऑस्ट्रेलियाएवढा झाला. तो आशियाएवढा व्हायच्या बेताला आला तेव्हा ते वर आले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "तुमच्या धुण्याचं पाणी आमच्या वरणात पडतंय." यावर काय बोलणार? प्लंबर आला, त्यानं फरशीवर हातोडीच्या दांड्यानं टकटक केलं आणि निदान केलं, "सगळं फोडायला लागतंय, साहेब."

'सगळं फोडायला लागतंय' या वाक्याचा मध्यमवर्गीय माणसावर एक विचित्र परिणाम होतो. आधी त्याला घाम फुटतो आणि रात्री झोप येत नाही. पहाटे पहाटे मात्र तो उठून बसतो आणि म्हणतो, "फोडतोच आहोत, तर नीटच करून घेऊ." संसारातली सगळी मोठी खर्चाची कामं या एका वाक्यानं सुरू झालेली असतात.

माझा एक भाचा घरांची अंतर्गत सजावट करतो. त्याला बोलावलं. तो आला, लेसरचा टेप भिंतीवर रोखला, तीन मिनिटांत सगळी मापं घेतली आणि म्हणाला, "मामा, इथं एक मस्त युटिलिटी होईल. कॉम्पॅक्ट. शटर ओढलं की दिसणारसुद्धा नाही."

मला ते एकदम पटलं. घरातली एक लाजिरवाणी जागा शटर ओढलं की दिसणार नाही, याहून अधिक काय हवं?

त्यानंतरचे आठ दिवस मी धुलाईशास्त्राच्या अभ्यासात घालवले. सेवानिवृत्त माणसाला अभ्यासाला विषय मिळाला की घरातल्या बाकीच्यांना तो परीक्षेसारखा वाटतो. जेवताना मी हिला सांगू लागलो, की धुलाईयंत्राची रुंदी 60 सेंटिमीटर आणि उंची 85 हे खरं असलं, तरी माणसं फसतात ती खोलीत. यंत्र दोन फूट खोल असलं तरी मागच्या नळ्यांसाठी आणखी तीन-चार इंच सोडावे लागतात. म्हणजे झाले 28 इंच. आपल्या बाल्कनीची रुंदी 42 इंच. यंत्र आडवं लावलं तर पुढं राहतात 14 इंच. 14 इंचांत पुढच्या तोंडाचं दारही धड उघडत नाही आणि माणूसही धड वाकत नाही. म्हणून ते लांबीच्या टोकालाच हवं, आणि तोंड लांबीकडे. वरून झाकण उघडणारं घेतलं तर पुढची जागा वाचते, पण मग डोक्यावर फळी टाकता येत नाही. सांडपाण्याची नळी जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर अडकवावी लागते. ती खाली लोळली, तर यंत्र एकीकडून पाणी घेतं आणि ते दुसरीकडून आपोआप वाहून जातं. बिचारं भरतच राहतं.

"आपल्या पगारासारखं," ही म्हणाली आणि तिनं ताक वाढलं.

भाच्यानं नकाशा आणला तो मात्र खरोखर बघण्यासारखा होता. एका टोकाला यंत्र. त्याच्यावर छतापर्यंत फळ्या. दुसऱ्या टोकाला, जिथं आज मोरी आणि कडाप्प्याचा दगड आहे, तिथं 18 इंच खोलीचं उंच कपाट. त्यात इस्त्रीचा घडीचा पाट, झाडू, शिडी, पाहुण्यांच्या गाद्या, इतकंच काय, दिवाळीच्या आकाशकंदिलालाही स्वतंत्र कप्पा! कपडे वाळत घालायला कप्पीवर वरखाली होणाऱ्या दांड्या. मधे मोकळी जागा 38 इंच बाय 42 इंच. त्या जागेत एक माणूसही काढलेला होता. उंच, सडपातळ, खांदे ताठ, पोट अजिबात नाही. तो यंत्राकडे पाहत नुसता उभा होता. त्याच्या हातात बादली नव्हती आणि अंगावर कपडेही नव्हते. त्यामुळं धुण्याचा प्रश्न त्याला व्यक्तिशः पडलेला नसावा.

"ही आयडिया शंभर वर्षांची जुनी आहे, मामा," भाचा म्हणाला आणि त्यानं फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती. 1926 साली फ्रँकफुर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटर. आगगाडीतल्या भटारखान्यात आचारी एवढ्याशा जागेत एवढ्या लोकांचं जेवण कसं करतो, हे त्यांनी ध्यानात घेतलं होतं. कुठून कुठं किती पावलं पडतात ते मोजलं आणि पीठ, तांदूळ, साखर यांचे खण हाताशी आणून ठेवले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथं बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ती आजी.

मी प्रभावित झालो. पण सवयीप्रमाणं रात्री त्या बाईंबद्दल आणखी वाचलं आणि दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे, हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाकच केलेला नव्हता, असं बाईंनीच पुढं मोकळेपणानं सांगून टाकलं होतं. दुसरी, 1970च्या सुमारास स्त्रियांच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनी या स्वयंपाकघरावर एक आक्षेप घेतला. जागा अशी काटेकोर आखली होती की तिच्यात एकच माणूस मावे. त्यामुळं ती एकटी बाई आत आणि बाकीचं घर बाहेर, अशी कायमची वाटणी झाली. मदतीला कोणी यायचं म्हटलं तरी उभं कुठं राहणार? बाईंनी जागा वाचवली ती कष्टकऱ्यांच्या भल्यासाठीच, आणि पावलंही खरंच वाचली. पण एका इंचाचीही उधळमाधळ करायची नाही म्हटलं, की पहिल्यांदा छाटला जातो तो सोबतीचा इंच.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं हिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. हिनं नकाशा हातात घेतला, चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला.

"मावशी कुठं बसणार?"

मावशी आमच्याकडे धुण्याला येतात त्याला बावीस वर्षं होतील. घर आणि मावशी एकाच महिन्यात आल्या. मधे पंधरा वर्षांपूर्वी यंत्र आलं, तरी मावशी राहिल्या. शर्टांच्या कॉलरी, हिच्या सुती साड्या, रंग जाणारे कपडे, आणि यंत्रात एक टाकली की दुसरीला जागा उरत नाही अशा सोलापुरी चादरी, हे सगळं त्यांच्याकडे. भाच्यानं उंच कपाट काढलं होतं ते नेमकं मावशींच्या दगडावर.

"मामी, बसायची गरजच नाही," भाचा म्हणाला. "नवीन मशीन सगळं धुतं. आणि खरं सांगू का, एका वयस्क बाईला आयुष्यभर उकिडवं बसवून कपडे आपटायला लावायचं, ही काय दया झाली का?"

प्रश्न बिनतोड होता. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाही, पण समोरचा आपल्याहून निम्म्या वयाचा असूनही बरोबर बोलतो आहे, हे मला चेहऱ्यावर न दाखवता ओळखता येतं. कारण दगडावरचं धुणं मी पाहिलेलं आहे. आमचं लहानपण पेठेतल्या वाड्यात गेलं. मागच्या अंगणात हौद आणि हौदाशेजारी दोन मोठे दगड. जागा म्हणाल तर चार धुलाईखोल्या मावतील एवढी. नऊवारी पातळ म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. ते पिळायला दोघी दोन टोकांना उभ्या राहत, वाळत घालायला अख्खं अंगण असे आणि गप्पांना तर जागेचं बंधनच नव्हतं. तिथं कोण कोणाला काय म्हणालं याच्या बातम्या वर्तमानपत्राआधी मिळत. हे सगळं आठवलं की गळा दाटून येतो. पण त्याबरोबर आईची बोटंही आठवतात. पौषातल्या पहाटे ती गार पाण्यानं काळीनिळी होत, सोड्यानं त्यांना भेगा पडत आणि रात्री ती त्यांना तूप लावून बसे. आम्हाला मात्र पांढरीशुभ्र चड्डी हवी असे. त्या हौदावरच्या आठवणींवर मी आजवर दोन लेख लिहिले. आईनं लिहिला असता तर त्यात काय आलं असतं, कोण जाणे.

तेव्हा ऐसपैस जागा म्हणजे सुख, असं काही नाही. आणि यंत्र म्हणजे सुटका, असंही नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन नावाच्या अमेरिकन इतिहासकार बाईंचं 1983 सालचं एक पुस्तक आहे. नावच मुळी 'मोअर वर्क फॉर मदर', म्हणजे आईला आणखी काम! घरात यंत्रं आली तेव्हा कष्ट हलके झाले हे त्या मान्य करतात. पण यंत्राबरोबर स्वच्छतेच्या अपेक्षाही चढत गेल्या. त्यातून, पूर्वी बाहेर धुवायला जाणारे कपडेही पुन्हा घरच्या बाईकडेच आले आणि तिचे तास काही कमी झाले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी माझाच हिशेब मांडून पाहिला. नोकरीत असताना एक शर्ट मी दोन दिवस घालत असे. यंत्र आल्यापासून रोज नवा. आता तर बागेत फिरायला जातानाचा वेगळा आणि भाजी आणतानाचा वेगळा. घाम पूर्वीइतकाच येतो. उलट, बसून राहायला लागल्यापासून कमीच.

निर्णय लांबला. तेवढ्यात मावशींनी आठ दिवसांची रजा घेतली. मुलीचं बाळंतपण होतं. हिचा गुडघा दुखत होता. यंत्र नेमकं त्याच आठवड्यात आचके देऊन बंद पडलं. आणि 'ड्राय बाल्कनी' या विषयावरचा घरातला एकमेव अभ्यासक मीच असल्यामुळं, पुढचं प्रात्यक्षिक माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मी कपडे भिजवले, दगडापाशी उकिडवा बसलो आणि मग उठताच येईना. हिनं हात देऊन उठवलं. दुसऱ्या दिवशी भरलेली बादली उचलताना कमरेत अशी कळ आली, की मी ती बादली आणि आपली कंबर दोन्ही तिथंच सोडून आत आलो. तिसऱ्या दिवशी पिळलेली चादर दांडीवर टाकायला गेलो आणि ती सगळी माझ्याच डोक्यावर आली. पिळून झाल्यावरही कपड्यांत किती पाणी राहतं याची आपल्याला कल्पना नसते. यंत्रातून गरगर फिरून निघालेल्या सहा किलो कपड्यांतसुद्धा तीन-साडेतीन किलो पाणी उरतं. मग माझ्या हातच्या पिळ्याचं काय विचारता? आणि साडी! साडेपाच मीटर साडी सहा फुटांच्या दांडीवर कशी घालायची, हे गणित शाळेत कुणी घातलं नव्हतं.

पण चौथ्या दिवशी मला एक गंमत दिसली. मी दगडापाशी खालीच बसलो होतो, दम खात. खालून ती बाल्कनी वेगळीच दिसत होती. जमिनीपासून दोन फुटांवर, बसल्या माणसाचा हात सहज जाईल तिथं, भिंतीत एक खिळा होता. त्याला तोंड कापलेली प्लास्टिकची बाटली तारेनं अडकवलेली आणि तिच्यात कपड्यांचा ब्रश. पाणी निथळायला बाटलीला खाली भोक. साबणाच्या वडीचा चिखल होऊ नये म्हणून ती ठेवायला सोड्याच्या बाटल्यांची बुचं उलटी मांडून केलेली बैठक. दगड हलू नये म्हणून त्याच्या एका कोपऱ्याखाली चपलेचा तुकडा. पाइपाच्या मागं चार पदरी घडी केलेलं गोणपाट, बसायला. बादली उचलावी लागू नये म्हणून नळाला लावलेला हातभर रबरी पाइप. आणि दांडीच्या टोकाला बांधलेली एक सुतळी. ती ओढली की दांडी हातभर खाली येत होती! तीन दिवस मी त्या दांडीशी टाचा उंचावून झुंजलो होतो आणि सुतळी माझ्या नाकासमोर लोंबत होती.

जागेची बचत, हाताशी वस्तू, पावलांचा हिशेब. फ्रँकफुर्टच्या बाईंनी जे कागदावर आखलं ते सगळं या साडेतीन फुटांत आधीच झालेलं होतं. फक्त त्याचा नकाशा कुणी काढला नव्हता. मी आठ दिवस टेप घेऊन हिंडलो, भाच्यानं लेसर मारला, पण आम्ही दोघांनी मापं घेतली ती उभ्यानं. बसलेल्या माणसाच्या उंचीवर काय आहे, ते आम्हाला दिसलंच नाही.

मावशी रजेवरून परत आल्या. नातू झाल्याचे पेढे दिले. मी त्यांच्यासमोर नकाशा धरला आणि विचारलं, "मावशी, इथं काय काय पाहिजे, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू भाऊ? घर तुमचं." त्यांनी नकाशाकडे पाहिलं. त्यांचं बोट बरोबर उंच कपाटावर गेलं. "हितं दगड व्हता नव्हं?"

"होय."

"मग माझं काम बंद व्हायचं का?"

मी गप्प झालो. ही स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, तिची सुरीही थांबली. खरं सांगतो, मावशींना काढायचं असं आम्ही कधीच ठरवलं नव्हतं. तसा विषयसुद्धा निघाला नव्हता. पण नकाशात ते होऊन गेलं होतं. आमची फरशी निघाली असती, कपाट बसलं असतं आणि पहिल्या तारखेला ओशाळं हसून मी म्हणालो असतो, "काय करणार मावशी, आता जागाच नाही हो."

"बी विंगमधल्या वहिनींकडं असंच झालं," मावशी म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "चार दिस गावाला गेले नि आले, तर बाल्कनीच नव्हती. कपाट व्हतं."

माणसाच्या तोंडावर 'नको' म्हणायचा धीर आपल्याला होत नाही. म्हणून आपण ते काम फरशीवाल्याकडून करवून घेतो.

मग मी भाच्याचा प्रश्न, जरा सौम्य करून, त्यांनाच विचारला. "पण मावशी, तुमचेही गुडघे दुखतात. चादरी आपटायला त्रास होतो. यंत्रानं केलं तर बरं नाही का?"

"मग घ्या की मशीनला चादरी! माझं काय जातंय?" मावशी म्हणाल्या. "त्या चादरी काय मला हौस हाय व्हय? मशीननं काम घ्यावं, भाऊ. पगार घेऊ नये, एवढंच."

आठ दिवस मी जर्मनी-अमेरिकेत जे शोधत होतो ते असं दारात सापडलं. यंत्रानं वेळ वाचवला, कपाटानं जागा वाचवली, असं आपण म्हणतो. पण वाचवलेली गोष्ट शेवटी कोणाच्या तरी खात्यावर जमा होते आणि कोणाच्या तरी खात्यातून वजा. मावशींच्या गुडघ्यांतून वाचलेले दोन तास त्यांच्याच पदरात पडले, तर ती बचत. ते तास आणि त्यांचे पैसे दोन्ही आमच्या पदरात पडले, तर तिला दुसरा शब्द आहे. तो शब्द आमच्यासारख्या सभ्य माणसांच्या घरात उच्चारत नाहीत.

नकाशा पुन्हा काढला. भाचा आधी हिरमुसला, पण मग त्यालाच गंमत वाटू लागली. यंत्र टोकाला तिथंच राहिलं. उंच कपाट गेलं आणि त्याच्या जागी कडाप्प्याचा ओटा आला, दोन फूट बाय दीड फूट. मावशींना आता उभ्यानं धुवायचं होतं, बसून गुडघे धरतात. गवंडी म्हणाला, "34 इंच ठेवतो, स्टँडर्ड हाय." मावशींची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. जोर लावायचं काम असेल तर ओटा कोपराच्या अर्धा-पाऊण फूट खाली असावा, असं भाचा म्हणाला. मग त्यानं मावशींना भिंतीशी उभं करून कोपराचं माप घेतलं आणि ओटा 29 इंचांवर बसवला. बावीस वर्षांत मावशींचं माप या घरात पहिल्यांदाच घेतलं गेलं. त्या लाजून हसत होत्या, फोटो काढतात तेव्हा हसावं तशा. कप्पीची दांडी आली, तिची दोरी मावशींच्या हाताला येईल एवढी लांब. साबणाला जाळीची बशी आली, पण ब्रशाची बाटली त्यांनी काढू दिली नाही. शटर रद्द झालं. "दार लावलं की वारा येत न्हाई, कापडं कुबट होत्यात," असं मावशींनी शास्त्रीय कारण दिलं.

पगार आहे तेवढाच राहिला आणि चादरी यंत्राकडे गेल्या. यात आमचं औदार्य वगैरे काही नाही. पहिले दोन महिने पैसे देताना माझ्या मनात 'आता काम निम्मं झालंय' हा विचार येऊन गेला, हेही कबूल करतो. विचार येणं माणसाच्या हातात नसतं. तो पाकिटात पोचू द्यायचा की नाही, एवढंच असतं.

राहता राहिला प्रश्न गाद्या, शिडी आणि आकाशकंदिलाचा. वाचवलेली जागा कोणाच्या तरी खात्यातून वजा होते, हा सिद्धांत मीच मांडल्यामुळं हिनं तो ताबडतोब अमलात आणला. आकाशकंदील आता माझ्या पुस्तकांच्या कपाटात असतो, बांधून घेतलेल्या दिवाळी अंकांच्या जागी. अंक पलंगाखाली गेले. शिडी माझ्या लिहायच्या टेबलामागं उभी आहे. लिहिता लिहिता खुर्ची मागं सरकवली की ती पाठीत लागते आणि तत्त्वज्ञान खर्चिक असतं याची आठवण देते.

खालच्या गृहस्थांच्या छतावरचा आशिया वाळला. परवा ते सपत्नीक आले, आमचं काम पाहायला. मी स्वतः प्रदक्षिणेला निघालो. हॉल, देवघर वगैरे भराभर उरकून त्यांना थेट मागच्या दारापाशी नेलं, दार उघडलं आणि आत जाऊन उभा राहिलो. ओट्यावर हात ठेवून मी त्यांना फ्रँकफुर्टपासून सांगायला सुरुवात केली. माझ्या अंगावर बरे कपडे होते आणि पोट सोडलं तर मी नकाशातल्या माणसासारखाच दिसत असणार.

एवढ्यात मागून बादलीचा आवाज आला.

"सरका की भाऊ," मावशी म्हणाल्या, "मधे उभं ऱ्हायलं की जागा अडतीया."